मुतखडा : दुर्बिणीने निघणारा आणि मागे उरणारा

कुंभकोणम् हे नगर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले आहे. नगराच्या नावातच कुंभ आहे. प्रलयाच्या पाण्यावर तरंगत आलेला अमृताचा कुंभ या स्थळी येऊन थांबला, भगवान शंकरांनी किराताच्या वेषात बाण मारून तो फोडला आणि सांडलेल्या अमृतापासून येथील महामहम् तलाव निर्माण झाला, अशी स्थलपुराणातील कथा आहे. दर बारा वर्षांनी या तलावात स्नान करण्यासाठी लाखो यात्रेकरू जमतात. यापूर्वीचे पर्व २०१६ साली झाले. पाण्याचे एवढे माहात्म्य असलेल्या गावी, पाणी कमी पडल्यामुळे बळावणाऱ्या रोगाविषयी व्याख्यान व्हावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु मुतखड्याच्या बाबतीत नदीला किती पाणी आहे हा प्रश्न नसून माणसाच्या पोटात किती पाणी जाते आणि घामावाटे किती निघून जाते, हा प्रश्न असतो.

भारतात मुतखड्याचा पट्टा म्हणून ज्या प्रदेशांचा उल्लेख होतो, ते मुख्यतः देशाच्या पश्चिम व वायव्य भागांतील आहेत. गुजरात, राजस्थान, पंजाब आणि महाराष्ट्राचा काही भाग त्यांत मोडतो. कावेरीचा त्रिभुज प्रदेश त्यांत मोडत नाही. तरीही उन्हाळा कोणालाच सवलत देत नाही. कुंभकोणम् नजीकच्या स्वामीमलै या गावी मेणाचा नमुना घडवून, त्यावर मातीचा साचा चढवून पंचलोहाच्या मूर्ती ओतण्याची कला आजही चालू आहे. धातू वितळविणाऱ्या भट्टीपाशी दिवसभर वावरणारा कारागीर, कुरुवै हंगामात भर उन्हात भाताची लावणी करणारी स्त्री, आणि जवळपास शौचालय नाही म्हणून बाजारात बसल्या जागी तहान मारणारी भाजीविक्रेती, या तिघांच्याही शरीरात एकच घटना घडत असते. मूत्र कमी व दाट होते, आणि त्यात विरघळलेले क्षार विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाहीत.

खड्याचा जन्म असा होतो. मूत्रपिंडात रक्त गाळले जाते आणि टाकाऊ द्रव्ये पाण्यात मिसळून बाहेर पडतात. कॅल्शियम, ऑक्झॅलेट, फॉस्फेट, युरिक आम्ल ही त्यांपैकी काही. पाणी कमी झाले की त्यांचे स्फटिक बनू लागतात. कण कणाला चिकटतो आणि खडा वाढतो. बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. मूत्रपिंडात स्वस्थ पडून असेपर्यंत खडा पुष्कळदा आपले अस्तित्व जाणवू देत नाही. तो मूत्रवाहिनीत उतरला म्हणजे अनर्थ सुरू होतो. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी ही नळी सुमारे पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब आणि आतून अवघी काही मिलिमीटर रुंद असते. आरंभी, मध्यावर आणि शेवटी अशा तीन ठिकाणी ती विशेष अरुंद असते. खडा तेथे अडकतो, वरच्या बाजूस मूत्र तुंबते आणि कुशीतून जांघेकडे जाणारी असह्य कळ येते.

चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप बाहेर पडतात. पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांपैकी सुमारे निम्मे पडतात. त्याहून मोठे क्वचितच पडतात. येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावयास हवी. कळ थांबली म्हणजे खडा गेला, असे नव्हे. अडथळा तसाच राहून वेदना मात्र शमू शकते आणि पुढील काही आठवड्यांत मूत्रपिंड निमूटपणे निकामी होत जाते. म्हणून वेदना थांबल्यानंतरही क्ष-किरण, ध्वनिलहरी किंवा सी. टी. तपासणीने खडा खरोखरच गेल्याची खात्री करून घेणे हे रुग्णाचे आणि वैद्याचे कर्तव्य ठरते.

या रोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास भारतात फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीचे चार प्रकार वर्णिले असून चिकित्सास्थानात मूत्राशयातील खडा काढण्याची कृती दिलेली आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयित, म्हणून राजाची अनुमती घेऊनच शस्त्र हाती धरावे, असे सुश्रुताचे सांगणे आहे. विटपप्रदेशी छेद घेऊन, वाकड्या टोकाच्या शस्त्राने खडा उचलून काढावयाचा, असा तो विधी होता. याच प्रकरणात सुश्रुताने एक इशारा दिला आहे. खडा फुटू देऊ नये, त्याचा चुरा होऊ देऊ नये. कारण मागे राहिलेला अल्पसा कणही पुन्हा वाढीस लागतो. या इशाऱ्याकडे व्याख्यानाच्या ओघात पुन्हा वळावे लागेल. कारण अडीच सहस्रकांच्या आसपासच्या या परंपरेतील सर्वांत टिकाऊ वचन कदाचित हेच होय.

कुंभकोणम् पासून सुमारे चाळीस किलोमीटरवर तंजावर आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची सत्ता स्थापिली आणि १८५५ पर्यंत ती या ना त्या स्वरूपात टिकली. त्या काळात आलेल्या मराठीभाषक कुटुंबांचे वंशज आजही तंजावर व कुंभकोणम् परिसरात राहतात. या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालयाचे संवर्धन करणारे राजे म्हणून ते सर्वश्रुत आहेत. परंतु त्यांनी धन्वंतरी महाल नावाची वैद्यकीय संस्थाही चालविली होती. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा निरनिराळ्या पद्धतींच्या वैद्यांना एकत्र आणले होते. नेत्ररुग्णांच्या तपासणीची व उपचारांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, त्यांच्या संग्रहात जतन केलेली आहेत.

सरफोजीराजांच्या वैद्यशाळेची ख्याती नेत्रचिकित्सेसाठी असावी, यात एक बोध दडलेला आहे. डोळा बाहेरून दिसतो. त्यातील दोष पाहता येतो, त्याचे चित्र काढता येते, उपचारापूर्वीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहता येते. मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी मात्र पोटाच्या मागील भागात खोल दडलेली असतात. त्या काळी तेथवर नजर पोचविण्याचे साधन जगात कोणाकडेही नव्हते. मुतखड्याच्या आधुनिक उपचाराचा इतिहास हा वस्तुतः शस्त्राचा इतिहास नसून नजर आत नेण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

पहिले पाऊल नजरेवाचूनच पडले. १८२४ साली पॅरिस येथे झाँ सिव्हियाल या शस्त्रवैद्याने, कोठेही छेद न घेता, मूत्रमार्गातून उपकरण आत घालून मूत्राशयातील खडा केवळ स्पर्शाच्या आधारे फोडला. परंतु तुकडे आपोआप बाहेर पडण्याची वाट पाहावी लागे. १८७८ साली अमेरिकेतील हेन्री बिगेलो यांनी खडा फोडून त्याच बैठकीत सर्व चुरा पाण्याने धुऊन शोषून काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीला भारतात एक महत्त्वाचे क्षेत्र लाभले. कुंभकोणम् येथे १८२८ साली जन्मलेल्या सर टी. माधवराव यांनी १८७३ ते १८७५ या काळात ज्या इंदूर संस्थानचे दिवाणपद भूषविले, त्याच इंदूर नगरात पुढे १८८० नंतरच्या दशकात डेनिस कीगन या शस्त्रवैद्याने ही पद्धत लहान मुलांवर यशस्वी करून दाखविली. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे त्यांच्यासाठी ती अयोग्य आहे, असा तोवर समज होता. गरीब घरांतील, केवळ धान्यावर वाढणाऱ्या मुलांच्या मूत्राशयात त्या काळी खडे वारंवार होत असत. म्हणूनच या यशाचे मोल विशेष होते.

१८७९ साली माक्सिमिलियान निट्झे यांनी स्वतःचा प्रकाश असलेली मूत्राशयदर्शक दुर्बीण दाखविली. नजर मूत्राशयात पोचली. तिच्या पुढे वरची वाट अरुंद आणि वळणाची होती. १९१२ साली ह्यू हॅम्प्टन यंग यांच्या हातून एका बालकाच्या रोगामुळे रुंदावलेल्या मूत्रवाहिनीत ताठ दुर्बीण शिरली. परंतु तो अपवाद होता. १९५४ साली इंग्लंडमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वळणावरून नेता येते, हे सिद्ध केले. प्रकाश वाकू लागला आणि दुर्बिणीलाही वाकता येऊ लागले. १९६४ साली व्हिक्टर मार्शल यांनी अशी तंतुदुर्बीण मूत्रवाहिनीत नेल्याचे नोंदविले. १९८० साली स्पेनमधील एन्रिके पेरेस-कास्त्रो यांनी मूत्रपिंडापर्यंत पोचणारी लांब, ताठ दुर्बीण उपयोगात आणली.

याच सुमारास आणखी दोन वाटा उघडल्या. १९७६ साली स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून मूत्रपिंडापर्यंत सरळ छिद्र करून खडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्यूनिख येथे क्रिस्तिआन शॉसी यांनी शरीराबाहेरून सोडलेल्या आघात-तरंगांनी पहिल्या रुग्णाचा खडा फोडला. एका दशकाच्या आत, कुशीवर वीतभर छेद घेऊन करावयाची जुनी शस्त्रक्रिया अपवादापुरती उरली.

आता प्रत्यक्ष उपचार कसा होतो ते पाहू. समजा, स्वामीमलै येथील एखाद्या ओतकाम करणाऱ्या कारागिराच्या मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात आठ मिलिमीटरचा खडा अडकला आहे. औषधे व पाणी देऊन काही आठवडे वाट पाहिली तरी तो सरकत नाही. अशा वेळी कमरेखालचा भाग बधिर करून किंवा पूर्ण भूल देऊन मूत्रमार्गातून दुर्बीण आत नेली जाते. तिची जाडी दोन ते तीन मिलिमीटरच्या आसपास असते. प्रथम खड्याच्या बाजूने एक लवचीक तार वर सरकवितात, म्हणजे वाट हातची सुटत नाही. त्या तारेच्या आधाराने दुर्बीण खड्यापाशी पोचते आणि समोरच्या पडद्यावर खडा दिसू लागतो. दुर्बिणीतील सूक्ष्म नळीतून पाव मिलिमीटर जाडीचा काचतंतू पुढे सरकवून त्यातून होल्मियम लेसरचे किरण सोडतात. हे किरण पाण्यात शोषले जात असल्याने त्यांची शक्ती तंतूच्या टोकापासून मिलिमीटरच्याही अंशात संपते. म्हणून खडा फुटतो आणि काळजीपूर्वक वापरल्यास नळीची भिंत सुरक्षित राहते. काही ठिकाणी लेसरऐवजी वायूच्या दाबाने ठोके देणारी सळई वापरतात. तुकडे तारेच्या लहानशा जाळीत पकडून बाहेर काढतात, किंवा खड्याची इतकी बारीक भुकटी करतात की ती मूत्राबरोबर वाहून जावी.

खडा मूत्रपिंडात असेल तर ताठ दुर्बिणीचा उपयोग होत नाही. तेथे टोक वळविता येणारी लवचीक दुर्बीण लागते. ती मूत्रपिंडाच्या कप्प्याकप्प्यांतून फिरते. खडा दोन सेंटिमीटरहून मोठा असल्यास पाठीतील छिद्राची वाट सामान्यतः अधिक योग्य ठरते. हे छिद्रही पूर्वी सुमारे एक सेंटिमीटर रुंद असे, ते अलीकडे पुष्कळदा पाच-सहा मिलिमीटरवर आले आहे. लहान आणि फार कठीण नसलेल्या खड्यासाठी बाहेरून आघात-तरंगांचा पर्याय असतो. तेव्हा कोणती पद्धत श्रेष्ठ, असा सरसकट प्रश्न विचारणे व्यर्थ होय. खड्याचा आकार, जागा, काठिण्य, मूत्रपिंडाची अवस्था आणि वैद्याच्या हाताला असलेला सराव, या सर्वांचा एकत्र विचार करूनच निवड व्हावयास हवी.

या उपचाराचे गुण उघड आहेत. छेद नाही किंवा नावापुरता आहे, वेदना थोडी, रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. ज्याचे पोट रोजच्या कामावर आहे, त्याच्यासाठी ही सवलत केवळ सुखाची नसते. तिच्यावर चूल पेटते. जुन्या शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिना काम बंद ठेवावे लागे. परंतु याच सुलभतेतून एक भ्रम निर्माण होतो. जखम लहान म्हणून रोगही लहान, आणि रुग्णालयातून घरी आलो म्हणजे उपचार संपला, असे रुग्णाला वाटू लागते. शरीरात मागे काय राहिले आहे, याचा त्याला विसर पडतो.

मागे राहणारी पहिली वस्तू म्हणजे नळी. दुर्बिणीच्या स्पर्शाने मूत्रवाहिनीला सूज येते. मूत्राची वाट मोकळी राहावी म्हणून, दोन्ही टोके वळलेली एक मऊ नळी पुष्कळदा आत ठेवतात. १९७८ साली रॉय फिनी यांनी वर्णिलेल्या या नळीला तिच्या आकारावरून 'डबल-जे' असे नाव पडले. ती काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी काढावयाची असते. अधिक काळ आवश्यक असल्यास साधारणतः तीन महिन्यांच्या सुमारास बदलावयाची असते. तिच्यामुळे लघवीला वारंवार जावे लागते, कुशीत दुखते, क्वचित रक्त दिसते. काही रुग्णांना हा त्रास पुढे अंगवळणी पडतो, काहींना नळी असल्याचे नीट सांगितलेलेच नसते, काहींना पुन्हा शहरापर्यंत येण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी परवडत नाही. मग नळी आतच राहते. महिने लोटतात, कधी वर्षे लोटतात. नळीवर क्षारांचे थर चढतात, ती ठिसूळ होते, तिच्याभोवती नवा खडा तयार होतो, आणि ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी ती ठेवली, तेच ती गमावून बसते. भारतातील मूत्ररोगतज्ज्ञांना अशा विसरलेल्या नळ्या वारंवार भेटतात. यावर उपाय साधा आहे. नळी ठेवल्याचे रुग्णाला आणि त्याच्या घरच्या एका माणसाला त्यांच्या भाषेत सांगावे. काढण्याची तारीख घरी नेण्याच्या कागदावर ठळक लिहावी. आणि रुग्णालयाने अशा नळ्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून तारीख उलटताच रुग्णाचा शोध घ्यावा. लेसरयंत्राला लक्षावधी रुपये पडतात. नोंदवहीला काहीच पडत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे जंतू. तुंबलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग झालेला असता दुर्बीण घातल्यास पाण्याच्या दाबाने जंतू रक्तात शिरू शकतात आणि प्राणावर बेतते. म्हणून खड्याबरोबर थंडी वाजून ताप आल्यास ती तातडीची अवस्था समजली जाते. अशा वेळी प्रथम केवळ तुंबलेले मूत्र मोकळे करतात, संसर्ग आटोक्यात आणतात आणि खड्याला नंतर हात लावतात. मूत्रवाहिनीला इजा होणे, पुढे ती जागा आकसणे, असेही धोके आहेत; ते थोड्यांच्याच वाट्यास येतात, परंतु शून्य नाहीत.

तिसरी वस्तू म्हणजे खड्याचा चुरा. येथे सुश्रुताचा इशारा पुन्हा समोर उभा राहतो. बिगेलो यांनी चुरा शोषून काढण्याचा आग्रह धरला तो याचसाठी. आजच्या दुर्बिणींना शोषणाची सोय असलेल्या नळ्या जोडण्याचे प्रयत्न चालले आहेत, तेही याचसाठी. भुकटीचा काही अंश मूत्रपिंडाच्या तळच्या कप्प्यात साचून राहिला तर त्याच कणांवर नवे थर चढतात. म्हणून उपचारानंतर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून मागे काय उरले ते पाहणे, हा शस्त्रक्रियेचाच अखेरचा भाग मानावयास हवा.

आणि चुरा पूर्ण निघाला तरी खडा उत्पन्न करणारी परिस्थिती मागे उरतेच. कोणताही प्रतिबंध न केल्यास सुमारे निम्म्या रुग्णांना दहा वर्षांच्या आत पुन्हा खडा होतो. इटलीतील पार्मा येथील लोरिस बोर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रथमच खडा झालेल्या १९९ रुग्णांपैकी एका गटाला दिवसाकाठी दोन लिटर मूत्र होईल इतके पाणी पिण्यास सांगितले. दुसऱ्या गटाला तसे सांगितले नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातील १२ टक्क्यांना, तर दुसऱ्या गटातील २७ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. भट्टीपाशी किंवा शेतात राबणाऱ्याने मोजावयाचे ते प्यालेले पाणी नव्हे, तर होणारे मूत्र होय. कारण त्याचे पुष्कळसे पाणी घामातच जाते. मूत्र फिकट असावे, ही साधी खूण पुरेशी आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांनी मात्र वैद्याच्या सल्ल्यानेच पाण्याचे प्रमाण ठरवावे.

खडा कॅल्शियमचा म्हणून दूध सोडावे, ही समजूतही तितकीच रूढ आहे. कुंभकोणम् येथील निर्भेळ दुधाची 'डिग्री कॉफी' सर्वत्र प्रसिद्ध असल्याने येथे तिचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. याच इटालियन संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले, की आहारातील कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा, ते नेहमीइतके ठेवून मीठ व मांसाहार कमी करणाऱ्या पुरुषांना खडा पुन्हा कमी प्रमाणात होतो. आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवते. तेव्हा दुधापेक्षा लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ यांकडेच अधिक संशयाने पाहावे.

लोकांच्या घरगुती औषधांनाही येथे स्थान आहे. तमिळ घरांतून केळीच्या खांबाच्या गाभ्याचा रस देतात, नेरुंजिल आणि सिरुपीळै या वनस्पतींचा काढा देतात. महाराष्ट्रात कुळथाचे कढण देतात. तमिळ लोकांचे नेरुंजिल म्हणजे मराठी माणसाचे गोखरू. या पेयांबरोबर पोटात पाणी जाते, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु अडकून बसलेला मोठा कॅल्शियमचा खडा त्यांनी विरघळतो, असे मानून महिनोन्‌महिने वाट पाहणे घातक होय. औषधाने विरघळविता येतो तो मुख्यतः युरिक आम्लाचा खडा, आणि तोही मूत्राची आम्लता मोजून दिलेल्या औषधाने. म्हणूनच निघालेला खडा फेकून न देता तपासून घ्यावा. पुढील आहार आणि औषध त्यावरून ठरते.

सिव्हियालपासून गेल्या दोनशे वर्षांत शस्त्रवैद्याची नजर मूत्रपिंडाच्या अखेरच्या कप्प्यापर्यंत पोचली. पाहणे जितके वाढले तितके कापणे कमी झाले. तथापि पडद्यावर खडा फुटताना दिसला म्हणजे काम संपत नाही. आत ठेवलेली नळी ठरल्या दिवशी निघाली, उरलेल्या कणांची तपासणी झाली आणि भट्टीपाशी बसणाऱ्या कारागिराच्या हाताशी भरलेला तांब्या रोज राहिला, म्हणजे ते संपले. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी रुग्णालयाच्या हाती आहेत. तिसरी रुग्णाच्या हाती आहे. आणि बाजारात तहान मारून बसणाऱ्या भाजीविक्रेतीच्या बाबतीत ती तिच्या नगराच्या हाती आहे.